भोंग्याएवढी जागा

पोर्ट चाल्मर्सच्या चढावर नायरीचं भाड्याचं घर.
जुलै. आमच्याकडे ऐन हिवाळा,
घरातसुद्धा तोंडातून वाफ,
आणि बिल पाहून घरचा कायदा असा,
की हीटर किंवा मशीन, एकच काय ते लावायचं.
आम्ही मशीन लावायचो.

चार ट्रॅकचं, कॅसेटवर चालणारं.
हेमी मामानं मेंढ्या कातरायच्या हंगामात घेतलेलं
आणि कंटाळून तिच्या गळ्यात मारलेलं.
डावीकडचं दुसरं बटण
पेन्सिल खुपसल्याशिवाय बसायचं नाही.

माईक एकच, मोज्यात गुंडाळून
झाडूच्या दांड्याला बांधलेला.
दाराला गादी उभी.
माझे ड्रम म्हणजे बिस्किटांचा डबा, त्यावर टॉवेल,
कारण खालच्या मिसेस कर्कब्राइड नऊला झोपायच्या
आणि साडेनऊला उठून छताला काठी मारायच्या.
तिसऱ्या गाण्यात ती काठी आहे.
समेवर नाही, जराशी आधी,
पण अशी आधी, की शिकवून येत नाही.

तीन ट्रॅक भरले की ते चौथ्यात ओतायचे,
मोकळ्या झालेल्या तिनांत पुन्हा भरायचं.
एकदा ओतलं की परतीची वाट बंद:
गिटार आणि बास भात-आमटीसारखे कालवलेले,
मग कुणी म्हणो, बास जास्त झाली.
म्हणून नायरी आधी ऐकायची, बराच वेळ,
पाय ब्लँकेटात, डोळे मिटून.
"ठरव, डुगल. नंतर रडायचं नाही."
ठरवायला मी त्या खोलीत शिकलो.
लग्नात त्याचा उपयोग झाला नाही, पण ते वेगळं.

त्या रात्री धाकट्या भावावरचं ते गाणं,
ज्याला अजून नाव नव्हतं.
दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी
ओंडके भरून निघालेल्या जहाजानं भोंगा दिला.
लांब. जाड.
काच थरथरली, मीटरचा काटा
लाल पट्ट्यात जाऊन पडून राहिला.
मी डब्यावरचा हात उचलला. गेलं. पुन्हा घेऊ.
तिनं मानेनंच नाही म्हटलं.
गिटार सोडली नाही,
तेच दोन सूर घोळवत राहिली,
पाहुणा बोलतोय ना, बोलू दे, अशी.
भोंगा थांबला.
तिनं श्वास घेतला. तो ऐकू येतो.
मग आली.

वीजही मंद असावी, मोटर रेंगाळली असावी.
दुसऱ्या मशीनवर ते गाणं
काळी एक आणि पांढरी दोनच्या मधल्या फटीत पडतं.
एका पियानोवाल्यानं तासभर शोधलं
आणि झाकण लावलं.

चाळीस कॅसेटी काढल्या. एकेक, डबल डेकवर.
कव्हरवर बटाट्याचा ठसा, मधमाशीचा,
बटाटा सुकत गेला तशी
तिसाव्या प्रतीपासून ती बेडूक झाली.

पुढे डनेडिनच्या एका भल्या माणसानं
स्टुडिओ दिला दोन दिवस, फुकट.
चोवीस ट्रॅक, भिंतींना स्पंज, गरम कॉफी.
गाणं स्वच्छ निघालं.
दुसरं कडवं वेळेवर आलं
आणि आम्ही दोघं दाराकडे पाहायला लागलो,
कुणीतरी यायचं राहिलंय तसं.
ती टेप कुठं आहे मला माहीत नाही.

त्यानंतरच्या वर्षी इन्व्हरकार्गिल,
चर्चचा हॉल, तीस-पस्तीस माणसं,
कोट न काढता उभी.
पहिलं कडवं संपलं. नायरी सवयीनं थांबली,
दोन सूर घोळवत, भोंग्याएवढी जागा सोडून.
आणि मागून, चहाच्या टेबलाजवळून,
गमबूट घातलेला एक अनोळखी पोरगा
खालच्या आवाजात सुरू झाला,
ओठ मिटून, जाड, लांब.
मग त्याच्या शेजारची बाई.
मग भिंतीला टेकलेले दोघं.

किती वेळ, ते त्यांना बरोबर माहीत होतं.
एकदम थांबले.
नायरीनं श्वास घेतला.